नागपूरहून एका दिवसाचा समुद्र: किनारा निवडायचा कसा

फुटाळा तलावाच्या काठाला आपण नागपूरकर चौपाटी म्हणतो. तिथे कणीस खाताखाता आईने एकदा विचारलं, "खऱ्या चौपाटीला पलीकडचा काठच दिसत नाही म्हणतात, खरं काय रे?" तिचं वय तेव्हा ६७ होतं आणि तिने समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्याकडे लांब सुटी नव्हती. मग ठरवलं, रात्री गाडीत बसायचं, दिवस समुद्रावर काढायचा आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परतायचं.

ती पहिली सहल फसली. आम्ही अलिबागला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि दिवस पौर्णिमेचा. पाणी पार वरपर्यंत चढलेलं, वाळूचा जेमतेम पट्टा उरलेला, लाटा अंगावर येणाऱ्या. आई दोन तास काठावर बसून राहिली. पाणी उतरायला लागलं तोवर आमची निघायची वेळ झाली. चूक सगळी माझी होती, कारण तारीख मी तिकीट कधीचं मिळतंय ते पाहून ठरवली होती. त्यानंतर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना घेऊन मी आणखी पाच वेळा असा एका दिवसाचा समुद्र केला. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: किनारा फोटो पाहून निवडू नका. सोबत कोण आहे, महिना कोणता आणि तिथी कोणती, या तीन गोष्टींवरून निवडा.

आधी माणसं मोजा

घरी बसल्याबसल्या एकच प्रश्न विचारा: आपल्यापैकी पाण्यात कोण उतरणार आहे? उत्तरं तीन प्रकारची येतात. काहींना समुद्र फक्त बघायचा असतो, पाय भिजवायचे असतात. काहींना गुडघाभर पाण्यात लाटा अंगावर घ्यायच्या असतात. आणि एखाद्याला पोहायचं असतं. बघणाऱ्यांना सावली, बसायला जागा, स्वच्छतागृह आणि गाडीपासून वाळूपर्यंत कमी चाल लागते. लाटा घेणाऱ्यांना सपाट, हळूहळू खोल होत जाणारा तळ लागतो. पोहणाऱ्याला जीवरक्षक असलेला किनारा लागतो, आणि एका दिवसाच्या सहलीत त्यालाही मी छातीच्या खालच्या पाण्यातच राहायला सांगेन.

आपल्या विदर्भातल्या मुलांबद्दल मला इथे विशेष काळजी वाटते. विहिरीत, कॅनॉलमध्ये, कन्हान-पेंचच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या माणसाला आपल्याला पाणी कळतं असं वाटतं. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि नदी एकाच दिशेला वाहते. समुद्र मात्र आत येतो, बाहेर ओढतो, आडवाही सरकतो, आणि हे सगळं एकाच वेळी करतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तो काही पावसाळा नव्हता. घरातल्या तरुणांना हे निघण्यापूर्वीच सांगा. किनाऱ्यावर पोचल्यावर ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतं.

नागपूरला दोन समुद्र आहेत

आपण समुद्र म्हटलं की मुंबईकडे बघतो. पण सरळ रेषेत मोजलं तर बंगालचा उपसागर आपल्याला जास्त जवळ आहे. काकिनाडा-मछलीपट्टणमच्या बाजूचा किनारा ५७० ते ६०० किलोमीटर पडतो, तर अरबी समुद्र ६५० च्या पुढे. शिवाय हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपूर स्टेशनात एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही समुद्रांकडे गाडी न बदलता जाता येतं. ही सोय फार थोड्या शहरांना आहे आणि आपण ती वापरत नाही.

पश्चिमेला मुंबई, रेल्वेने ८३७ किलोमीटर. दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेस धरली की रात्र गाडीत जाते आणि सकाळी सात-आठच्या सुमारास आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला असतो. दक्षिणेला बल्लारशा, वरंगळ, विजयवाडा ओलांडून बापट्ला आणि चिराला ही स्टेशनं लागतात. चिराला साधारण साडेसातशे किलोमीटर, बारा ते पंधरा तास. समुद्र तिथून रिक्षाच्या अंतरावर आहे.

पुरीचं नाव बरेच जण काढतात. एका दिवसासाठी ते सोडा, जातानाच एक रात्र आणि दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो. विशाखापट्टणमचंही तसंच. समता एक्सप्रेस नागपूरहून गोंदिया, रायपूर, रायगडामार्गे थेट नेते, पण प्रवास सोळा-सतरा तासांच्या घरात जातो. ते शहर दोन मुक्काम करून पाहण्याजोगं आहे. तिथली कुरसुरा पाणबुडी मुलांना दाखवायलाच हवी. घाईत नको.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून "गाडीनेच जाऊ" हा आग्रह घरोघरी होतो. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला संपतो, समुद्रावर नाही. अलिबागपर्यंत जायला दहा तास सहज लागतात, तेवढेच परतीला. रात्रभर सरळसोट रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस सकाळी पाण्यात उतरणार आणि संध्याकाळी पुन्हा स्टिअरिंग धरणार, हे मला अजिबात मान्य नाही. गाडीने जायचंच असेल तर एक मुक्काम करा.

पाण्याजवळचे तास मोजा

हा हिशेब कागदावर करा. गाडी पोचण्याची वेळ लिहा. त्यात तोंड धुणं, नाश्ता, सामान क्लोकरूमला ठेवणं यासाठी एक तास धरा. (क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, छोटं कुलूप घरूनच न्या.) मग स्टेशन ते वाळू. परतीच्या गाडीच्या वेळेतून हाच हिशेब उलटा करा आणि वर दीड तास जास्तीचा ठेवा.

अलिबागचं उदाहरण घेऊ. आठला स्टेशन, नऊला गेटवे, लाँचने तासाभरात मांडवा, तिथून लाँच कंपनीच्याच बसने पाऊण तास अलिबाग. पावणेअकरा-अकरा झाले. परतीची गाडी रात्री आठच्या आसपास असेल तर अलिबाग साडेतीन-चारला सोडायला हवं. हातात साडेचार-पाच तास उरतात. तेवढे पुरतात, पण ते साडेचार तास समुद्राचे कोणते तास आहेत, यावर सगळं अवलंबून आहे. तिथीच्या भागात त्याचं गणित येतंच.

जुहूचा हिशेब वेगळा. स्टेशनपासून तास-सव्वा तास, म्हणजे वाळूवर सहा-साडेसहा तास मिळू शकतात. तरी मी जुहूला पाण्यात उतरायला सांगणार नाही. एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी ज्या समुद्रात जातं, त्यात मुलांच्या नाकातोंडात पाणी जावं असं मला वाटत नाही. जुहू किंवा गिरगाव चौपाटी ही बघणाऱ्यांसाठी. ज्यांचे गुडघे लाँचमध्ये चढउतार करू देत नाहीत, त्यांना गिरगावला संध्याकाळचा सूर्यास्त दाखवा. फक्त तुमची गाडी त्यानंतरची आहे ना, ते बघा.

तिकिटांचं थोडक्यात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जायचं आणि यायचं तिकीट एकाच बैठकीत काढा, परतीचं वेटिंगवर ठेवून निघू नका. शक्यतो मंगळवार ते गुरुवारमधला दिवस घ्या. शनिवार-रविवारी गेटवेला लाँचची रांगच तुमचा तास खाते. जोडून आलेल्या सुट्या आणि ३१ डिसेंबर तर पूर्ण टाळा.

महिना

कोकण किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मी धरतो. मार्च चालतो. एप्रिल-मेमध्ये आपली एक गैरसमजूत आड येते: "आपण ४५ अंश सोसणारे, मुंबईच्या ३३-३४ चं काय!" आपली उष्णता कोरडी आहे. घाम आला की सुकतो, म्हणून आपले कूलर चालतात. समुद्रावर घाम सुकतच नाही, अंग आतून तापत राहतं आणि माणूस अचानक गळून जातो. आमच्या शेजारच्या काकांना मे महिन्यात असंच झालं. दुपारी दोनच्या सुमाराला चक्कर आली, आणि त्यांनी सकाळपासून एकच ग्लास पाणी प्यायलं होतं. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस सोबत ठेवा आणि दर अर्ध्या तासाला प्या, तहान लागो न लागो.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. गेटवेच्या लहान लाँच यातला बहुतेक काळ बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट हवामान पाहून चालते, पण त्या दिवसांत पाण्यात पायही घालू नये. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखे विषारी जीव वाहून येतात, ब्लू बॉटल म्हणतात त्यांना. वाळूवर मेलेला दिसला तरी तो डसतो. डसलाच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कापडाने अलगद काढा आणि डॉक्टर गाठा.

पूर्वेचं वेळापत्रक वेगळं आहे. आंध्रच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा काळ. आपल्याकडे दिवाळीत आकाश निरभ्र असतं म्हणून तिकडेही असेल असं धरू नका. चिराला-बापट्ल्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगले. मासे हा ज्यांच्या सहलीचा अर्धा हेतू असतो, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताटात येईल तो बहुधा बर्फातला.

तिथी

नागपूरच्या माणसाला जे कोणी सांगत नाही, आणि सहल ज्यावर तरते किंवा बुडते, ते हे आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते. मुंबईकडे ती साडेचार मीटरच्याही वर जाते. अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते आणि पाणी कमी चढतं, कमी उतरतं. त्याला कोकणात भांग म्हणतात.

वेळ काढायचं जुनं गणित कोळीवाड्यातली पोरंही सांगतील. तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊणने गुणा. येईल तो भरतीचा तास, दुपारचा आणि रात्रीचाही. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: दुपारी तीनला पूर्ण भरती, सकाळी पावणेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तारीख नक्की करण्यापूर्वी इंटरनेटवर मुंबईचं, म्हणजे अपोलो बंदराचं, भरती-ओहोटीचं कोष्टक एकदा पडताळून घ्या. पण आकडेमोडीने पहिली निवड दोन मिनिटांत होते आणि तिथी तर घरातल्या कोणत्याही दिनदर्शिकेवर छापलेली असते. हे गणित मुंबई-अलिबागच्या पट्ट्याचं आहे, आंध्रला लावू नका.

आता आपल्या साडेचार तासांकडे परत या. आपण अलिबागला अकराला पोचतो, साडेतीन-चारला निघतो. पौर्णिमेला त्या वेळात काय होतं? बाराला पाणी पूर्ण वर, आणि त्यानंतर निघेपर्यंत ते जोराने बाहेर जात असतं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. म्हणजे वाळू मिळते तेव्हा पाण्यात जाणं धोक्याचं. आमचं नेमकं हेच झालं होतं. याउलट षष्ठी किंवा सप्तमी घ्या, शुक्ल असो वा कृष्ण. सहा गुणिले पाऊण साडेचार. म्हणजे संध्याकाळी साडेचारला भरती, सकाळी सव्वादहा-साडेदहाला ओहोटी. आपण पोचतो तेव्हा समोर मोठी थोरली सपाट वाळू असते, पाणी नुकतं परतायला लागलेलं असतं, आणि आपण असेपर्यंत ते सावकाश किनाऱ्याकडे येत राहतं. भांग जवळ असल्याने जोरही कमी. नागपूरच्या रात्रीच्या गाडीने येणाऱ्यासाठी महिन्यातले हे चारच दिवस: दोन षष्ठी, दोन सप्तमी. तिकीट यांच्याभोवती काढा.

येणाऱ्या भरतीचा एकच इशारा. अलिबागच्या समोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. ओहोटीला लोक तिथे चालत जातात. चढत्या पाण्यात किल्ल्याकडे निघू नका. परतीचा रस्ता पाण्याखाली जातो आणि मग होडीची वाट बघावी लागते. किल्ला बघायचाच असेल तर पोचल्यापोचल्या स्थानिक माणसाला विचारा, "दादा, पाणी किती वाजेपर्यंत देईल?" आणि तो म्हणेल त्याच्या तासभर आधी परत फिरा.

अलिबागमध्ये कोणता किनारा

गावातला किनारा बसथांब्याजवळचा, सोयीचा. वाळू काळसर आणि घट्ट, म्हाताऱ्या माणसांना चालायला बरी. गर्दी असते, घोडागाडीवाले मागे लागतात, पण खाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय हाताशी. वरसोली अगदी जवळ आहे आणि तिथे सुरूच्या झाडांची सावली. माझी पसंती वरसोली. दुसऱ्या खेपेला आईला तिथेच नेलं. तिने सुरूच्या सावलीत डबा खाल्ला, मग नऊवारीचा काठ हातात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकते ना, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "अरे, जमीन चालली!" मग हात न सोडता तशीच अर्धा तास उभी राहिली.

नागाव थोडं पुढे, पाण्यावरच्या खेळांसाठी तरुणांना आवडतं. बोटीने ओढल्या जाणाऱ्या खेळांत जीवरक्षक जाकीट अंगात घट्ट बसतंय का ते स्वतः ओढून बघा, बसत नसेल तर पैसे गेले तरी चालतील. किहीम शांत, मांडव्याकडून जवळ. काशिद सुंदर आहे यात वाद नाही, पण अलिबागपासून ३० किलोमीटर, आणि तिथे पाण्याला ओढ असते. एका दिवसात नको.

मुंबईतलं आक्साही नको. तिथला तळ सारखा बदलतो, खड्डे पडतात आणि तिथे सातत्याने माणसं बुडाली आहेत. "मालाडला मावशी राहते, तिथून जवळ आहे" एवढ्यासाठी पोरांना तिथे पाठवू नका.

फेब्रुवारीनंतर गेलात तर अलिबागचा पांढरा कांदा आणा, वेणी घालून विकतात. आपल्या सावजीच्या तिखटावर तो गोडसर कांदा फार छान लागतो.

चिराला आणि बापट्ला

ही वाट थोड्या हौशी लोकांसाठी. चिराल्याहून सहा-सात किलोमीटरवर वोडरेवू, त्याच्या पुढे रामापुरम. बापट्ल्याहून नऊ किलोमीटरवर सूर्यलंका, लांबरुंद वाळूचा किनारा. त्याच्या शेजारी हवाई दलाचं ठाणं आहे, तेव्हा फलक दिसला की तिथे थांबायचं. इथे सूर्य समुद्रातून उगवतो, आणि पहाटेची गाडी मिळाली तर तो बघणं हेच या सहलीचं सुख. सूर्यास्त मात्र पाठीमागे, जमिनीवर.

भरती-ओहोटीचा फरक इथे फार नाही, दीड मीटरच्या आतबाहेर. म्हणून तिथीचं ओझं नाही. पण बंगालच्या उपसागराच्या लाटा किनाऱ्यावर जोरात आपटतात, आणि आडवा प्रवाह माणसाला नकळत बाजूला नेतो. आपल्या चपला जिथे काढल्या त्या जागेवर लक्ष ठेवा. दहा मिनिटांत त्या डावी-उजवीकडे सरकलेल्या दिसल्या, तर सरकलेले तुम्ही असता. बुडण्याच्या घटना घडल्या की पोलीस हे किनारे काही दिवस बंद ठेवतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या लॉजला फोन करून खात्री करा.

सगळ्या गाड्या चिराला-बापट्ल्याला थांबत नाहीत. संध्याकाळी किंवा रात्री नागपूर सोडणारी आणि सकाळी पोचवणारी थांब्याची गाडी आधी शोधा. नसेल तर विजयवाड्याला उतरून पुढची गाडी धरा, दीड-दोन तास जास्त लागतील. तेलुगूतला एक प्रश्न पाठ करा: "लोतुगा उंदा?" म्हणजे खोल आहे का. कोळ्याने हो म्हटलं की त्या जागी पाऊल टाकायचं नाही. खाण्याची चिंता नको, तिखट आपल्याला झेपेल असंच असतं. तान्ही मुलं किंवा आजारी माणूस सोबत असेल तर मात्र मुंबईचाच मार्ग घ्या. भाषा आपली असते आणि दवाखाना विचारणं सोपं जातं.

ज्यांना दोन रात्री गाडीत काढणं शक्यच नाही त्यांनी समुद्राचा हट्ट पुढच्या वर्षावर ठेवून रामटेकजवळ खिंडसीला जावं. तासा-दीड तासात पोचता, नौकाविहार होतो, गडमंदिरही होतं. पोहायला मात्र तिथेही उतरू नका.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

कोणालाही पाण्यात सोडण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाणी बघा. मुलं ओढतील, तरी थांबवा. झेंडा आहे का? लाल असेल तर पाणी बंद. लाल-पिवळ्या झेंड्यांची जोडी असेल तर त्या दोहोंच्या मध्येच उतरायचं. जीवरक्षक कुठे बसलाय ते सगळ्यांना बोटाने दाखवा.

मग लाटा बघा. एका रेषेत पांढऱ्या फुटत येणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा असा दिसतो, जिथे लाट फुटतच नाही. पाणी गडद, वर वर शांत, आणि फेस उलटा आत जाताना दिसतो. अनोळखी माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि नेमकं तिथूनच पाणी जोराने समुद्राकडे परतत असतं. या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारू नयेत. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी थकतो, आणि थकल्यावर बुडतो. अंग सैल सोडून तरंगायचं, एक हात वर करून ओरडायचं, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर यायचं. ओढ माणसाला किनाऱ्यापासून लांब नेते, खाली नेत नाही. हे वाक्य मी प्रत्येक सहलीत मुलांकडून तीनदा म्हणवून घेतो.

कोणी ओढला गेलेला दिसला तर पाठोपाठ उडी नको. एकाचे तीन होतात. जीवरक्षकाला हाक, नसेल तर दोर, ओंडका, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे तरंगतं ते त्याच्याकडे फेका. ११२ वर फोन करा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, रुग्णवाहिकेसाठी १०८.

दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, हात पोचेल एवढ्या अंतरावर, आणि त्याच्या हातात फोन नको. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, मोठ्यांच्या नव्हे. बायकांनी साडी किंवा ओढणी घालून कमरेएवढ्या पाण्यात जाऊ नये. भिजलेलं कापड पायात अडकतं आणि जड होऊन खाली ओढतं. लेगिंग आणि टी-शर्ट चांगला. सोन्याचे दागिने घरी ठेवा.

पिशवी आणि परतीचा प्रवास

कमी न्या. प्रत्येकी दोन जोड कपडे, चपला (बूट नकोत), टोपी, पंचा, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, फोनसाठी पाणी न शिरणारं पाकीट, रोजची औषधं. एक जुनी चादर, वाळूवर बसायला आणि नंतर गाडीत बर्थवर अंथरायला. जातानाचा डबा घरचाच, थालीपीठ आणि चटणी दुसऱ्या दिवशीही टिकते. तर्री-पोह्यांची सवय असलेल्या माणसाला सकाळी मुंबईत वडापाव चालून जातो.

निघण्याआधी तासभर सगळे पाण्याबाहेर. गोड्या पाण्याने अंघोळ कराच. किनाऱ्यालगत पैसे घेऊन न्हाणीघर देतात. मीठ अंगावर राहिलं तर बारा तासांच्या प्रवासात कातडी रापते आणि मुलं रडतात. कान, बोटांच्या बेचक्या आणि केसांतली वाळू आधी पंच्याने कोरडी झाडायची, मग पाणी घ्यायचं. उलट केलं की ती चिकटते.

मांडव्याला लाँच सुटण्याच्या अर्धा तास आधी पोचा. लाँचमध्ये आत बसण्यापेक्षा वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या बाजूला जागा धरा, मळमळ कमी होते. गेटवेहून स्टेशनला जेमतेम दोन-अडीच किलोमीटर आहेत, पण संध्याकाळच्या गर्दीत त्यालाही अर्धा तास धरा. स्टेशनात आधी क्लोकरूममधलं सामान सोडवा, मग जेवण. गाडीत चढल्यावर ओल्या कपड्यांची पिशवी बर्थखाली उभी ठेवा, तोंड घट्ट बांधून. दुसऱ्या सहलीत मी ती आडवी ठेवली होती आणि वर्ध्यापर्यंत खालच्या सगळ्या चपला भिजल्या होत्या.